न चाखलेलं पाणी

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा होता, आणि आज त्याला गादीवरून उतरवायचं घाटत होतं. का? तर एका मेलेल्या मांत्रिकाच्या तळघरातला माणिक त्याने हौसेने मुकुटात जडवला. माणकाला शाप होता, की जो कुणी तो मिरवील त्याचा कुणावर विश्वास उरायचा नाही. झालं! राजाने आचाऱ्याला कोंडलं, सख्ख्या भावाला हाकललं. लेक हेमावतीने चाखल्याशिवाय तो पाणीही पिईना. दिवसदिवस ती त्या मुकुटाशेजारी उभी असे.

असा अविश्वासी झालेला राजा पारखायचा राज्याचा रिवाज जुना. भर दरबारात एकाच घागरीतलं पाणी तिघांनी राजापुढे धरायचं, चाखायचं मात्र नाही. तिन्ही पेले परतवले तर राजा अरण्यात आणि प्रधान गादीवर. त्या अरण्यातून कुणी परत येत नसे. निवाडा सिंहासनावरची मैना सांगे.

घागर प्रधान भद्रशीलाने भरली. ते पाहिल्यापासून हेमावतीची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. म्हातारा एवढा गोड का बोलतोय? गादीवर डोळा तर नाही?

सेनापती पुढे झाला. "महाराज, पाणी."

"तुझ्या कमरेला तलवार आहे. नको."

भद्रशील पुढे झाला. "महाराज, पाणी."

"तुला माझी गादी हवी. नको."

आता हेमावती. तिने पेला उचलला आणि नकळत नाकाशी नेला. सगळ्या दरबाराने पाहिलं.

"पोरी, तूही?" राजा म्हणाला.

ती शरमेने मेल्याहून मेल्यासारखी झाली. "तात, मला वाटलं, प्रधानांनी विष घातलं. ज्यांनी मला कडेवर खेळवलं त्यांनी! या मुकुटापाशी राहून माझीही मती फिरली."

भद्रशीलाने मान खाली घातली.

"मग मी पिऊ की नको?"

"ठाऊक नाही, तात. पण तुम्ही तहानेने वाळत चाललात, ते मला बघवत नाही."

आपलं दुखणं लेकीला जडलेलं राजाला दिसलं. त्याने आपल्या हाताने मुकुट काढून पायरीवर ठेवला आणि पेला घटाघटा रिकामा केला. माणिक लाहीसारखा फुटला.

मैना बोलली, "मुकुट आधी उतरला, पाणी मागून प्याला. गादी गेली, अरण्य टळलं. ज्याच्या हातचं प्याला, राज्य त्याचं."

हेमावती सिंहासनावर बसली. कोंडलेला आचारी सुटला, भावाला बोलावणं गेलं. मग ती म्हणाली, "प्रधानजी, पाणी."

भद्रशीलाने पेला आणला. म्हाताऱ्याचा हात कापत होता. का कापतोय? हेमावतीच्या मनात पुन्हा शंकेची पाल चुकचुकली. शाप फुटला तरी सवय राहते, बाबांनो! तिने पेला नाकाशी नेला नाही. डोळे मिटले आणि प्याली.

पाणी गोड होतं. तिला लागलं तसं तुम्हांआम्हांलाही गोड लागो.