उंबरटेकची काथवट

उंबरटेकच्या चर्चमध्ये शिरलेले पाहुणे आधी क्रुसाकडे बघतात, मग त्याच्या खाली नजर जाते आणि विचारतात, हे काय ठेवलंय? तिथं फुलदाणी नाही की मेणबत्त्यांची रांग नाही. बाभळीच्या लाकडाची एक जुनी काथवट आहे, भाकरीचं पीठ मळायची. काळी पडलेली, एका अंगाने चिरलेली, पण काठ मात्र हात लागून लागून गुळगुळीत झालेला. मध्यंतरी शहरातले कुणी विद्वान आले आणि ही वस्तू संग्रहालयात द्या म्हणाले. गावाने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. दर महिन्याला जी कामाला लागते ती काचेच्या कपाटात कशी ठेवायची?

गोष्ट एका दुष्काळी सालची आहे, असं सांगतात. साल कुठलं, ते प्रत्येक घर आपापल्या पणजोबाच्या हिशेबाने धरतं. त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

तेव्हा गाव वेशीच्या आत होतं आणि दोन आळ्या वेशीबाहेर. ओढ्याच्या वरच्या अंगाला वरची आळी, खालच्या अंगाला खालची. त्यांच्या जाती विचारू नयेत. गावाच्या लेखी दोघींचीही सावली सारखीच विटाळाची होती. ख्रिस्ताचा मार्ग वरच्या आळीने आधी धरला. त्यांची मुलं शाळेत गेली, त्यांचा पुढारी कोंडिबा पंच याच्या अंगावर कोट आला आणि त्याला चावडीच्या पायरीवर टेकायची मुभा मिळाली. पायरीवर, बरं का, वर ओट्यावर नव्हे. पण काही माणसांच्या डोळ्यांवर तेवढ्यानेही धूर येतो.

खालच्या आळीत अगदी शेवटच्या घरात ठकूबाई राहायची. नवरा आधीच गेलेला. तापाची साथ आली, तिची एकुलती एक मुलगी गेली, आणि तिच्यामागून आळीतली आणखी लेकरं गेली. देवऋष्याने ठकूबाईकडे बोट दाखवलं. म्हणाला, हिचा हात वाईट आहे. झालं! तिच्या हातचं पाणी कुणी घेईना, तिच्या चुलीतला विस्तव कुणी नेईना. ज्यांना गावाने टाकलं होतं, त्यांनीच तिला टाकलं. आपली मुलगी गेली याचं रडू यायलाही माणसाला जवळ कुणीतरी लागतं. ठकूबाईजवळ कुणीच नव्हतं, म्हणून ती रडलीच नाही, असं म्हणतात.

अशात एका दुपारी सलोमीबाई तिच्या दारात आली. घरोघर फिरून शुभवर्तमान सांगणारी ही मिशनची बाई. उन्हाने तोंड सुकलेलं. तिने पाणी मागितलं.

"म्होरल्या घरी जावा, बाई," ठकूबाई म्हणाली. "माज्या हातचं कुनी घेत न्हाई. माजा हात वंगाळ हाय."

"कुणी सांगितलं गं तुला? आण पाणी. आणि भाकरी असली तर तीही आण, भूक लागलीये."

सलोमीबाईने आधी भाकरी खाल्ली आणि मग ख्रिस्ताची गोष्ट सांगितली. तोही असाच टाकलेल्यांच्या घरी जेवायला बसायचा आणि त्यापायी लोकांच्या शिव्या खायचा. ठकूबाईला त्यातलं किती कळलं, सांगता येत नाही. पण तिला रडू फुटलं. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर रडली आणि नंतर तिथंच पदराची उशी करून झोपी गेली. उंबरटेकमध्ये शुभवर्तमान म्हणजे काय असं विचारलं, तर म्हाताऱ्या बायका आजूबाजूचं काही सांगत बसत नाहीत. ठकूबाईच्या हातचं कुणीतरी खाल्लं, एवढंच सांगतात.

ठकूबाई ख्रिस्ती झाली. तिच्या तोंडावरचा तजेला बघून आळीतल्या बायका आधी विस्तव मागायच्या निमित्ताने आल्या, मग प्रार्थनेला आल्या. होता होता सगळी खालची आळी ख्रिस्ती मंडळीत आली. दोन्ही आळ्यांनी मिळून हे चर्च बांधलं. खाणीतले दगड बहुतेक खालच्या आळीने वाहिले. ते दगड कुणाला बाटलेले वाटले नाहीत. भिंतीत बसले, चुन्यात लिंपले गेले, तोवर सगळे भाऊ आणि सगळ्या बहिणी होत्या.

मग नव्या चर्चमधल्या पहिल्या प्रभुभोजनाचा, ख्रिस्ताच्या आठवणीत एकच भाकरी वाटून खायचा, दिवस आला. भाकरी पाहिजे, म्हणून घरटी मूठभर बाजरीचं पीठ आणायचं ठरलं. घरटी म्हणजे वरच्या आळीच्या घरटी! खालच्या आळीचं पीठ यात घ्यायचं नाही, त्यांची भाकरी वेगळ्या काथवटीत मळायची, आणि सगळ्यांचं झालं की त्यांना दाराशी द्यायची, असा कोंडिबा पंचाने हुकूम काढला. यांच्या पिठाची भाकरी खाल्ली हे गावाला कळलं तर चावडीची पायरी सुटेल, ही त्याची धास्ती. एका पायरीसाठी माणूस प्रभूच्या मेजाला कुंपण घालायला निघाला! आणि मंडळीचे पाळक दाविदराव, ज्यांनी तिथल्या तिथं त्याचा हात धरायचा, ते काय म्हणाले? सबुरीने घ्या म्हणाले. मंडळीत शांतता राहू द्या म्हणाले.

त्या दिवशी चर्चच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटली होती. कोंडिबाची बायको राहीबाई काथवटीपुढे बसली होती. वरच्या आळीच्या बायका एकेक करून पीठ टाकून शेजारी बसल्या. दुष्काळ असा, की मडक्याचा तळ खरवडून आणलेली ती मूठ. शेवटी ठकूबाई आली. कुणी काही म्हणायच्या आत तिने पदराची गाठ सोडली आणि आपलं पीठ काथवटीत ओतलं. ओतून गप्प उभी राहिली नाही, खाली वाकून दोन्ही हातांनी सगळं कालवलं.

कोंडिबा ओरडत आला. "बाटलं! समदं पीठ बाटलं! फेका त्ये भाईर!"

बाटलं! गाव ज्याला उठता बसता बाटगा म्हणत होतं, त्याच्याच तोंडात हा शब्द. ही गोष्ट शांतपणे सांगणारा माणूस उंबरटेकमध्ये आजवर झाला नाही. इथं आलं की सांगणाऱ्याचा आवाज चढतोच, आणि चढायलाच पाहिजे.

ठकूबाईचे हात पिठाने भरले होते. ती म्हणाली, "येचा, पंच. माजं पीठ तेवढं येचून काढा. निघालं, तर मी आपल्या पायानं घरी जाते."

पाळक मध्ये पडले. "ठकूबाई, आज शांतीचा दिवस आहे. वाद नको."

"शांती मला ठावं हाय, पाळकसायेब. माज्या दारात आली हुती, माजी भाकर खाऊन गेली. ही तुमची शांती न्हवं. ही तुमची नुसती गप ऱ्हायाची खोड हाय."

कोंडिबाने आपल्या पोरांना काथवट उचलून बाहेर रिकामी करायला सांगितलं. बाहेर माणसं पाला उकडून खात होती आणि हे पीठ मातीत टाकायला निघाले होते. पोरांनी काथवटीला हात घातला, आणि म्हणे ती जागची हलेना. डोंगराएवढी जड झाली. देवाने तिच्यावर आपला हात ठेवला, असं वरच्या आळीतले पुरुष फार भक्तीने सांगतात.

बायका ऐकून घेतात आणि मग खरं सांगतात. हात राहीबाईचा होता. पंचाच्या बायकोने काथवटीचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "गावच्या हिरीवर पान्यासाठी वंजळ धरून धरून माजी कंबर मोडली. वरून वतत्यात, निम्मं अंगावर सांडतंय. आन आता तेच मी हिला करू व्हय? न्हाई करनार. हिच्या पिठाची भाकर मी खानार हाय."

तिच्या शेजारणीने काठ धरला. मग तिच्या पलीकडचीने. खालच्या आळीच्या बायका दाराशी उभ्या होत्या, त्या धावत आल्या. काठाला बोट ठेवायला जागा उरली नाही. पोरांनी चिडून एक हिसका मारला तेव्हा काथवट चिरली, ती चीर अजून तिथं आहे. पण पीठ सांडलं नाही. देवाचा हातच म्हणायचा असेल तर खुशाल म्हणावं, फक्त तो कुणाकुणाच्या मनगटाला होता, हे विसरू नये.

त्या पिठाच्या भाकरी झाल्या. पाळकांनी मान खाली घालून प्रार्थना केली. कोंडिबा बाहेर दगडावर पाठ फिरवून बसला होता. ठकूबाई तुकडा घेऊन स्वतः त्याच्यापुढे गेली. "घ्या, दादा," एवढंच म्हणाली आणि हात पुढे करून उभी राहिली. उन्हं कलली तरी तिने हात मागे घेतला नाही. त्याने त्याच दिवशी खाल्लं, असं वरची आळी सांगते. खालची आळी म्हणते, छे, पुढच्या भोजनाला खाल्लं. खाल्लं मात्र तिच्याच हातून, यावर दोघींचं एकमत आहे.

आजही उंबरटेकमध्ये प्रभुभोजनाचं पहिलं पीठ खालच्या आळीच्या शेवटच्या घरातून येतं. ते आल्याशिवाय चूल पेटत नाही, मग पाळक कितीही घाईत असोत. मळताना प्रत्येक बाई एक हात काठावर ठेवते. आणि आजही, इतकं सगळं होऊन, सोयरीक जुळवताना एखादा शिकलासवरला माणूस कानाशी लागून विचारतोच, "मुलगी वरच्या आळीची का खालच्या?" हे म्हाताऱ्यांच्या कानावर गेलं की त्या त्याला पीठ मळायच्या दिवशी बोलावून घेतात, सगळ्यांच्या देखत काथवटीपुढे बसवतात आणि मळून झालेल्या गोळ्याकडे बोट दाखवतात.

"येच," म्हणतात.