सोमवारचं पाणी

त्या दिवशी ऊन असं होतं, की पाटाच्या कडेचं गवत मुठीत धरलं तर त्याचा चुरा व्हायचा. वाऱ्याचं नाव नव्हतं.

"यात चूक कुठं आहे, तेवढं दाखवा बाबा," भानुदास म्हणाला.

सोनजीबाबा म्हणजे गावचे पाटकरी. पाटाचं पाणी शेतोशेती वाटायचं, हे त्यांचं काम. भानुदासच्या शेजारीच राहायचे. अक्षरओळख नव्हती. भानुदास मात्र काशीला तर्क शिकून आलेला. म्हणून पंचांनी पाणीचोरीचा निवाडा त्याच्यावर सोपवला होता.

"पुन्हा म्हण. सावकाश."

"दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी जो घेतो, त्याचं पाणी हंगामभर बंद. गिरजाबाईनं मंगळवारी दुसऱ्याचं पाणी घेतलं. म्हणून तिचं पाणी बंद."

"बरोबर आहे की."

"मग तिच्या शेताकडचं पाटाचं तोंड मातीनं बुजवा."

"मिरची जाईल रे तिची."

"तर्काला मिरची दिसत नाही, बाबा."

"हं... तिचं पाणी सोमवारचं. सोमवारी कुठं होती ती?"

"मी त्या दिवशी गावातच नव्हतो. शेतावरचं मला काय ठाऊक? हजर नव्हती, एवढं खरं."

"मग ते पाणी?"

"रिवाज तुमचाच ना? हजर नसेल त्याचं पाणी पुढच्या शेताला."

बाबांनी फावडं त्याच्या हातात दिलं.

"मांडलंस तू. तडीस पण तूच ने."

गिरजाबाई, गावची सुईण, माना टाकलेल्या रोपांत बसली होती. फावडं बघूनही उठली नाही.

"तुमचं बाळ दूध ओढतंय का आता, भानूभाऊ? सोमवारी लई छळलं त्यानं आईला. दिवस मावळेस्तोवर मला उठू दिलं नाही."

भानुदासनं बांधापलीकडं पाहिलं.

पुढचं शेत त्याचंच होतं. मका हिरवागार उभा होता.

बऱ्याच वेळानं तो परतला. फावडं बाबांच्या पायाशी ठेवलं.

"बुजवलंस?"

"नाही."

"मांडणी चुकली होती?"

"मांडणी नाही चुकली, बाबा. पण तिचं सोमवारचं पाणी माझ्या मक्यात आहे."

पाटातलं पाणी तेवढं वाजत होतं.

मग बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. फावडं खांद्यावर घेतलं.

"सांग भानू... कुणाच्या बांधावर नेऊ?"