वेणीचा कातळ

घाटातली जुनी बैलवाट उतरून जिथे हेदघोळ गावाला लागते, तिथे एक सपाट काळा कातळ आहे. चार बाया मांडी घालून बसतील एवढा. त्याच्या मधोमध ताटाएवढी जागा गुळगुळीत झाली आहे आणि तिथे इतकं तेल मुरलं आहे की पावसाचं पाणी ठरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. शेजारच्या दगडी कोनाड्यात पिवळ्या लाकडाची एक फणी ठेवलेली असते. देव नाही, शेंदूर नाही. पाहुणे विचारतात, हे कसलं ठाणं? मग गावची गुरवीण अंबूताई पदर सावरून कातळाच्या कडेला बसते आणि राहीची गोष्ट सांगते.

लमाणांचे तांडे घाटाने मीठ वर नेत आणि धान्य खाली आणत, त्या काळातली ही गोष्ट. राही ही कासोबा फणीवाल्याची बायको. तो हेदाच्या झाडाचं पिवळं लाकूड वर्षभर सावलीत वाळवून त्याच्या फण्या करी. राही केसांची जाणकार. शिकेकाई नि रिठे कुटावेत तिनेच, माक्याचं तेल कढवावं तिनेच. त्या तेलात नागरमोथा किती घालायचा हे ती नुसत्या वासावर सांगे, म्हणे. गावात आरसा एकच होता, तोही पाटलाच्या घरी, काशाचा, घासून चकचकीत केलेला. बाकीच्या बायका एकमेकींच्या डोळ्यांनीच नटत. लग्न ठरलं की नवरीच्या घरून राहीला बोलावणं जाई. कपाळावर बोटभर मेण लावून ती त्यावर कुंकू बसवी, आणि पाच पेडांची वेणी अशी घाली की नवरी सहा दिवस बैलगाडीत हिंदकळत गेली तरी एक केस सुटत नसे.

तिला एकच लेक, ठकू. ठकूच्या डोक्यावर दोन भोवरे होते. एक टाळूवर आणि एक त्याच्या किंचित डावीकडे. दाट केसांत ते कुणाला दिसत नसत, पण राहीच्या बोटांना ठाऊक होते. रोज सकाळी विंचरताना तिचं बोट आधी एका भोवऱ्यावर फिरे, मग दुसऱ्यावर.

ठकूचं लग्न घाटावरच्या, सहा दिवसांच्या वाटेवरच्या गावात झालं. पाठवणीच्या दिवशी राहीने याच कातळावर बसवून तिची वेणी घातली. उठताना लेक म्हणाली, "आये, आता माझी येणी कोण घालंल?"

"दिवाळीला येशील तवा मीच घालीन," राही म्हणाली.

त्या वर्षी घाटावर पाऊस पडला नाही. दिवाळीच्या आधी कासोबा लेकीला आणायला गेला, तो एकटाच परत आला. त्याने सांगितलं की गाव रिकामं आहे. दारांना कड्या, तुळस वाळलेली, आडात चिखल. सगळं गाव पोट भरायला बाहेर पडलं होतं. वाटेत भेटलेलं कुणी म्हणे पूर्वेला गेलं, कुणी म्हणे नदीच्या धारेने खाली. नक्की विचारायला गावात माणूसच उरलं नव्हतं.

तेव्हापासून दिवाळी आली की राही तेलाची वाटी नि फणी घेऊन कातळावर येऊन बसे. पहिली दोन वर्षं शेजारणी सोबतीला येत. पुढे त्या येईनाशा झाल्या. कासोबा दर साली लेकीसाठी एक नवी फणी करी आणि राही ती वर जाणाऱ्या लमाणणीच्या हाती देई. दोन भोवऱ्यांची खूण सांगे. लमाणणी फण्या घेऊन जात आणि पुढच्या साली रिकाम्या हातांनी मान हलवत. राही विंचरायला बसली की शेजारच्या पोरींच्या टाळूवरून तिचं बोट उगाच फिरे, मग ती हात काढून घेई. अशी अकरा वर्षं गेली, असे सांगतात.

अकराव्या दिवाळीनंतर, भात झोडणीच्या दिवसांत, एक बाई घाट उतरून आली. अंगावर लुगड्याच्या चिंध्या, चेहरा देवीच्या वणांनी भरलेला, आणि डोक्यावर एकच जाड जट, पाठीवर दोरखंडासारखी लोंबणारी. कातळाशी येऊन ती बसली आणि बसूनच राहिली. कुणी काही विचारलं तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. वय ठकूचं असेल तेवढंच. उंचीही तेवढीच.

राही धावत आली. तिने त्या चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा पाहिलं. वणांच्या खाली लेकीचं नाक आहे असं तिला वाटे, आणि पुढच्याच क्षणी वाटेनासं होई. टाळूला हात लावावा, तर मुळापर्यंत केसांचा दाबलेल्या लोकरीसारखा घट्ट थर झालेला. बोट आत शिरायलाच जागा नव्हती.

राहीने फणी काढली तेव्हा गावचा भगत पुढे झाला. जट म्हणजे देवीचं बोलावणं, तिला फणी लावली तर वाघजाई कोपेल नि गावात पटकी शिरेल, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. लोक दोन पावलं मागे सरले. पटकीने रिकामी झालेली घरं त्यांनी पाहिली होती, त्यांची भीती खोटी नव्हती.

राही म्हणाली, "देवीची असंल तर देवी येऊन तिला न्हेईल. तवर मी इंचरते."

त्या दिवसापासून फणीवाल्याच्या घरचं पाणी गावाने तोडलं. राही मात्र ऊन वर आलं की कातळावर बसे नि सांजेला उठे. आधी कोमट तेल जटेत जिरवायचं, मग टोकाकडून एकेक बट मोकळी करायची. साधी फणी तिथे चालेना, दाते मोडत. कासोबाने रुंद दात्यांची नवी केली, तीही दुसऱ्या दिवशी मोडली. मग तो आपली हत्यारं घेऊन कातळाच्या खालीच येऊन बसला. वर फणी मोडे, खाली दुसरी तयार होई. ती बाई डोळे मिटून बसलेली असे. कधी दुखलं तर राहीचा गुडघा घट्ट धरी. तिचं नाव काय, गाव कुठलं, हे राहीने एकदाही विचारलं नाही. उलट पहिल्या दिवशी ती बाई ओठ हलवू लागली तेव्हा राही घाईने म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मागनं सांग."

पाचव्या दिवशी दुपारी टाळूवरच्या बटा मुळापर्यंत मोकळ्या झाल्या. राहीचं बोट सवयीने भोवऱ्यावर गेलं. मग डावीकडे सरकलं. तिथे काही नव्हतं. तिने पुन्हा चाचपलं, केस बाजूला करून पाहिलं. भोवरा एकच होता.

तिचा हात थांबला. खाली कासोबाच्या कानशीचा आवाजही थांबला. त्याने वर पाहिलं आणि हळूच विचारलं, "आपली न्हवं?"

"न्हवं," राही म्हणाली.

मानेकडची अर्धी जट अजून पाठीवर तशीच होती. ती बाई न हलता बसली होती. तिला काही कळलं की नाही कुणास ठाऊक, पण राहीच्या गुडघ्यावरचा हात तिने काढून घेतला. राही कितीतरी वेळ घाटाच्या वाटेकडे बघत राहिली. अकरा वर्षांत तिने ती वाट इतकी बघितली होती की वाटेवरचा दगडन् दगड तिला ओळखीचा झाला होता. वाटेवर कुणी नव्हतं. मग तिने तो हात उचलून पुन्हा आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि कासोबाला म्हणाली, "तेल संपलंय. घेऊन या."

पुढे आणखी दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत राही रडत होती म्हणतात, पण हात आधीपेक्षा हलका चालत होता. सातव्या दिवशी केस मोकळे झाले, तेव्हा गावातली पहिली बाई ऊन पाण्याचा हंडा घेऊन आली. ती भगताचीच बायको होती. तिच्या मागून बाकीच्याही आल्या. शिकेकाईने केस धुतले, धुपावर वाळवले, आणि राहीने पाच पेडांची वेणी घातली. पटकी आली नाही.

त्या बाईने तेव्हा आपलं नाव सांगितलं. साळू. नदीकाठच्या कुठल्याशा गावची. दुष्काळात वाटेवर तिची माणसं चुकली होती. मग तिने विचारलं, "मावशे, तुमी मला नाव का न्हाई इचारलं?"

"नाव कळलं असतं तर हात थांबला असता, बाय," राही म्हणाली. "माझ्या हाताची मला खात्री न्हवती."

साळू शिमग्यापर्यंत त्यांच्या घरी राहिली. मग वर जाणारा तांडा आला आणि ती आपल्या माणसांच्या शोधात निघाली. कातळावर राहीने तिची वेणी घातली आणि कासोबाने केलेली फणी तिच्या ओच्यात बांधली. साळू म्हणाली, ठकू भेटली तर काय सांगू? राहीने थोडा विचार केला.

"सांगू नकोस काई. वाटेत जी कुनी केस सोडून बसलेली दिसंल तिला इंचर. त्यात ती असंल तर असंल."

ठकू आली नाही. साळूचाही पुन्हा निरोप आला नाही. कासोबा गेला, त्याच्यामागे राही बरीच वर्षं जगली. घाट उतरून जी बाई येई, गावची असो की परकी, सवाष्ण असो की विधवा, तिला ती आधी कातळावर बसवून विंचरी आणि मगच नाव विचारी. कुणी राहीला म्हणे, तुझी लेक कुठे असेल गं आता? ती म्हणे, कुणाच्या तरी म्होरं बसली असंल.

आजही हेदघोळात बाई आली की तिला या कातळावर बसवतात. आता रस्ता झाला, मोटारी थेट घरापर्यंत जातात, तरी बाया वळसा घालून इथे येतात. आखूड केसांच्या येतात, केस रंगवलेल्या येतात, एकदा तर आजारपणात केस गेलेली एक पाहुणी आली होती. तिच्या डोक्याला तेवढ्याच सावकाश तेल लावलं. वेणी पुरी होईपर्यंत कुणी कुणाला नाव-गाव विचारत नाही. आणि दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, गावच्या लेकी माहेरी येऊन ओळीने बसतात, तेव्हा फणी पहिल्यांदा कुणी उचलायची यावरून कधी वाद होत नाही. जिची लेक त्या साली आलेली नसते, तिचा मान पहिला. ती पुढे होते आणि समोर जी बसली असेल तिची वेणी सोडायला घेते.