रेशीमबंदी आणि उघडा खांदा

कोण जाणे किती पिढ्या मागे, रोम नावाच्या बलाढ्य नगरीवर म्हाताऱ्यांच्या सभेचा हुकूम चालायचा. पोरांनो, ऐका, आणि आजोबा, तुम्हीही जरा कान इकडे करा.

पूर्वेकडच्या देशांतून तिथे रेशीम आलं आणि अख्खी नगरी खुळावली! पाण्यासारखं झुळझुळीत, अंगावर आहे की नाही तेही कळू नये असं. सभेतल्या म्हाताऱ्यांच्या मात्र पोटात दुखलं. त्यांनी फर्मान काढलं, "पुरुषाने रेशीम घालायचं नाही. रेशमाने गडी मऊ पडतो, आणि मऊ गडी राज्य बुडवतो. घालेल तो हद्दपार!"

त्याच सुमारास नगरीतल्या फाबिया नावाच्या पोरीचा धाकटा भाऊ तितस धावण्याची शर्यत जिंकला. आनंदाच्या भरात फाबियाने आपली रेशमी ओढणी त्याच्या गळ्यात टाकली. तो नाचत रस्त्यावर आला आणि शिपायांनी तिथेच त्याचं बखोट धरलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात चौकात सभा भरली. सभेचा प्रमुख जाड लोकरीच्या झग्यात उभा राहिला.

"आजची पिढी वाया गेली!" तो गरजला. "आम्ही लोकर घालून लढाया मारल्या. हाकला याला!"

"थांबा, आजोबा!" फाबिया गर्दीतून पुढे घुसली. "हद्दपारी सांगणाऱ्याने आधी खांदा उघडा करून लढाईचे वण दाखवायचे, अशी रीत आहे ना? दाखवा की."

"रीत तू मला शिकवणार, पोरी?"

"तुम्हीच शिकवलीत. आम्ही फक्त लक्षात ठेवली."

गर्दी खदखदून हसली. म्हाताऱ्याच्या अंगावर साधा ओरखडाही नसणार, तेवढ्यावर भाऊ सुटेल, एवढीच फाबियाची आशा होती.

"मला थंडी वाजतेय," प्रमुख पुटपुटला.

"या उन्हात?" मागून कुणीतरी ओरडलं. "काढा! काढा!" सगळा चौक गर्जू लागला.

शेवटी झगा खांद्यावरून खाली आला. वण दिसलाच नाही, कारण लोकरीच्या आत, कातडीला चिकटून, होतं रेशीम! केशरी, सोनेरी काठाचं, लखलखीत रेशीम!

"हे... हे आतलं आहे," प्रमुख चाचरला. "बंदी वरच्या कपड्याला आहे. लोकर टोचते हो!"

"आणि आम्हाला काय गुदगुल्या करते?" फाबियाने विचारलं.

हसता हसता लोक एकमेकांच्या अंगावर पडले. फाबिया बाकीच्या सभासदांकडे वळली. "बरं, आता यांना हद्दपार कोण करतंय? या पुढे, उतरवा झगे!"

एकही म्हातारा हलला नाही. उलट प्रत्येकाने आपला झगा गळ्याशी घट्ट आवळून धरला.

शिक्षा सांगायला कुणी उरलंच नाही. तितस सुटला, फर्मान तिथेच मेलं. पुढे सभासद रस्त्यात दिसला की चिल्लीपिल्लीसुद्धा विचारत, "आजोबा, आत काय घातलंय?" आणि आजोबा पाय उचलून चालू लागत.

बोध: जो नियम थोरांना स्वतःच्या अंगावर सोसवत नाही, तो धाकट्यांच्या माथी मारण्याचा त्यांना हक्क नाही.