शालिकच्या धुऱ्यावरचे साग

“सरकारनं मारलं का सेठनं? एवढंच सांगा, बाबा.”

खांद्यावरची कुऱ्हाड न उतरवताच गुणवंतनं विचारलं. शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा साग तोडताना अंगावर पडून त्याचा थोरला भाऊ शालिक गेला, त्याला पाच दिवस झाले होते. डोळ्यांची लाली अजून उतरली नव्हती.

शेताला लागून लतीफबाबा फकिरांची झोपडी. ते दारातच बसले होते.

“कुऱ्हाड कोणासाठी?”

“उरलेल्या चार सागांसाठी. एकही उभा ठेवत नाही.”

“आजच?”

“तोडीचा परवाना आज संपतो. दोन वर्षं दादानं जंगल ऑफिसात खेटे घातले, अन् आला तो आठ दिवसांचा! जंगलातली तोड बंद, म्हणून सागाला दुप्पट भाव. पुढच्या महिन्यात सरकारी लाकडाचा डेपो उघडला की आमच्या सागाला कोणी विचारत नाही. लाकूड घेणारा सेठ म्हणे, घाई कर शालिक. दादानं केली घाई.”

बाबा उठले.

“अडवायचं असेल तर आत्ताच अडवा.”

“मी काहून अडवू? झाडं तुमची.”

बाबांनी विळा उचलला. पहिल्या सागाच्या मागं जाऊन ते वाकले आणि काटेरी झुडपं कापू लागले.

“हे काय करता, बाबा?”

“झाड कलतं तेव्हा माणसाला मागं पळायला वाट लागते. फकीर व्हायच्या आधी तीस वर्षं तोडीवर होतो, बेटा. वाट केल्याशिवाय पहिला घाव घातला नाही.”

“एवढा वेळ कुठं आहे? तिकडं सेठचा ट्रक उभा आहे!”

विळा थांबला.

“शालिकनं वाट केली होती?”

गुणवंतच्या खांद्यावरून कुऱ्हाड घसरली.

“करत होता... मीच म्हणालो, सोड ना दादा ती झुडपं. ट्रक थांबलाय.”

तो मटकन खाली बसला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती तरी वेळ ठेवला. मग विळा त्याच्या हातात दिला.

“इकडची झाली. तिकडची तू कर.”

गुणवंतनं डोळे पुसले. एक झुडूप कापलं. दुसरं कापलं.

रस्त्यावरून ट्रकचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

“सेठला काय सांगू, बाबा?”

“सांग, एक माणूस अजून झाडाखाली आहे. तो निघाला की बोलू.”