दोघांचं ग्राउंड

सावखिंडीच्या कॉलेजात बाहेरगावचा संघ आला की आधी त्याला इमारतीच्या मागे नेतात. तिथे सातपुड्याची एक सोंड फोडून बास्केटबॉलचं ग्राउंड केलेलं आहे. तिन्ही बाजूंना काळा कातळ, चौथीकडे केळीचा मळा. दोन्ही टोकांना सागाच्या फळ्या, पावसानं काळवंडलेल्या. गावात मात्र त्याला बास्केटबॉलचं ग्राउंड असं कुणी म्हणत नाही. रिक्षावाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळे ‘दोघांचं ग्राउंड’ म्हणतात. पाहुणी पोरं विचारतात, दोघांचं का? या खेळाला तर पाच लागतात.

मग उखर्डू नाना कातळाच्या पायरीवर बसतात. तीस वर्षं त्यांनी या ग्राउंडाची झाडलोट केली. टोपी काढून ते गुडघ्यावर ठेवतात आणि म्हणतात, “मी तेव्हा इथं नव्हतो. कानावर आलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.”

आत्माराम वाघुळदे नावाचे सर होते. खेळ शिकवायला म्हणून तिशीत या कॉलेजात आले. तेव्हा इथल्या कुणी हा खेळ डोळ्यानं पाहिलेला नव्हता. सरांनी जागा मागितली तेव्हा त्यांना जी जमीन कुणालाच नको होती ती मिळाली, हा कातळ. दोन उन्हाळे त्यांनी पोरांबरोबर घण आणि पहार घेऊन तो फोडला. रिंगा गावच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून वळवल्या, असं सांगतात. त्या काढून नव्या बसवल्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

ग्राउंड झालं, संघ झाला, आणि संघ हरायला लागला. पहिल्या वर्षी हरला तेव्हा लोक म्हणाले, नवखे आहेत. चौथ्या वर्षी म्हणाले, पोरांना उंची नाही. सातव्या वर्षापासून लोकांनी काही म्हणणं सोडून दिलं. चौदा वर्षांत सावखिंडीच्या संघानं एकही सामना जिंकला नाही. दरवर्षी सर नवी पोरं गोळा करायचे, त्यांना चेंडू टप्प्यात धरायला शिकवायचे, एस.टी.नं जिल्ह्याच्या गावी न्यायचे आणि पहिल्याच दिवशी परत आणायचे. परतीच्या गाडीत पोरं गाणी म्हणायची, सर खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचे. झोप नसायचीच. गुडघे ठणकत असायचे, ओरडून ओरडून आवाज बसलेला असायचा, आणि उद्या सकाळी पुन्हा शिट्टी गळ्यात घालायची या विचारानंच अंग जड व्हायचं.

पंधराव्या वर्षी नवे प्राचार्य आले. माणूस सरळ होता. त्यांनी सरांना बोलावून विचारलं, “वाघुळदे, हा संघ कशासाठी चालवायचा? मला सायकल स्टँडला जागा नाही.”

सरांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, “या वर्षीही हरलो तर संघ बंद करा असं मीच लिहून देतो.”

शब्द देऊन बाहेर पडले तेव्हा त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण म्हणे त्यांना हलकं वाटलं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, “सुटलो एकदाचा.”

त्या साली संघात आठ पोरं होती. सामन्याच्या दिवशी दोघांना घरच्यांनी कापूस वेचणीला ठेवून घेतलं. उरलेल्या सहांना घेऊन सर गेले. समोर जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं कॉलेज. बारा पोरं, एकसारखे बूट, पाठीवर नंबर छापलेले.

पहिल्या हाफमध्येच सावखिंडीच्या एका पोराचा घोटा मुरगळला. उरले पाच. या खेळात एका खेळाडूचे पाच फाऊल झाले की त्याला बाहेर बसावं लागतं. दमलेली पोरं पायांनी अडवू शकत नाहीत, मग हातांनी अडवतात. दुसऱ्या हाफमध्ये एकामागोमाग एक तिघं तसे बाहेर गेले. सहा मिनिटं उरली तेव्हा फळ्यावर अठ्ठावन्न-एकवीस लिहिलेलं होतं आणि सावखिंडीचे दोघंच आत उभे होते. एक सुभान तडवी, लांब हातांचा आणि कमी बोलणारा. दुसरा धनसिंग पावरा, बुटका, काटक, रोज डोंगरातल्या पाड्यावरून चालत कॉलेजला येणारा.

पंच सरांजवळ आले. “सर, कशाला पोरांचे हाल करता? माघार लिहून द्या, मी सही घेतो.”

सरांनी कागद हातात घेतला, पेनही उघडलं. त्यांना खरंच सही करायची होती. सहा मिनिटं लवकर सुटलो तर पाचची गाडी मिळेल, एवढंच त्यांच्या मनात होतं, असं पुढं त्यांनीच कबूल केलं होतं म्हणतात.

तेवढ्यात धनसिंग धापा टाकत कडेला आला. “सर, नियम काय आहे? दोघांत खेळता येतं का?”

“येतं,” सर म्हणाले. “दोन उरले तोवर खेळ थांबत नाही. एक उरला की संपला.”

“मग आम्ही दोन आहोत.”

“अरे, चार-चार फाऊल झालेत तुमचे दोघांचे. कुणाचाही धक्का लागला की खेळ तिथंच संपणार.”

सुभान मागून आला होता. त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक गुंतवले. “असं अडवतो, सर. मग कसा लागेल?”

सरांना त्या क्षणी पोरांचा राग आला. हे मला बसू का देत नाहीत, असं वाटलं. पण त्यांनी पेनला टोपण लावलं आणि कागद पंचांना परत दिला.

मग जे झालं ते पाहायला शेजारच्या ग्राउंडावरचे खेळाडूसुद्धा आले, असं सांगतात. समोरून पाच जण चेंडू घेऊन येत, आणि ही दोघं पाठीमागे हात बांधून नुसती छाती पुढं करून त्यांच्या वाटेत उभी राहत. ते बाजूनं जात, बास्केट करत. पुन्हा येत, पुन्हा करत. आधी लोक हसले. एक जण ओरडला, “हात सोडा रे, देवळात आलात काय!” दोघांनी हात सोडले नाहीत. चेंडू मिळाला की एकानं रेषेबाहेरून आत फेकायचा आणि दुसऱ्यानं पाचांच्या गराड्यात तो धरायचा. दहांतल्या आठ वेळा तो हिसकावला जाई. हळूहळू हसणं थांबलं. समोरची पोरं मात्र खेळायची थांबली नाहीत. त्यांनी दया दाखवली नाही हे बरं झालं, असं सर पुढं म्हणत.

शेवटचं मिनिट सुरू झालं. समोरच्या कुणाचा तरी हात लागून चेंडू बाहेर गेला, तोही सावखिंडीला ज्या रिंगेत बास्केट करायची होती तिच्या मागच्या रेषेवरून. आता सुभाननं रिंगेखालून चेंडू आत द्यायचा होता. घ्यायला एकटा धनसिंग. पाचही जणांनी त्याला कोंडाळ्यात घेतलं. धनसिंग त्यातून निघायला इकडे झेपावला, तिकडे झेपावला. त्याच्यावर नजर ठेवण्याच्या नादात पाचांचीही सुभानकडे पाठ झाली.

सुभाननं चेंडू हळूच सगळ्यात जवळच्या पाठीवर टाकला. चेंडू पाठीला लागून परत आला, तोवर सुभान रेषेच्या आत आला होता. त्यानं तो धरला आणि वर ठेवला. रिंगेवर एकदा थरथरून चेंडू आत पडला.

सरांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी दोन बोटं वर करून खाली आणली. बास्केट मान्य.

सामना शहात्तर-तेवीस असा सुटला. सावखिंड हरली होती, आणि सर आपल्या शब्दाला बांधील होते.

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांसमोर गेले आणि पत्र ठेवलं. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. त्यात एवढंच लिहिलं होतं, की संघ हरला. चार खेळाडूंचं हे शेवटचं वर्ष आहे. दोघांना घरच्यांनी खेळातून काढलं आहे. दोन खेळाडू उरतात. दोन उरले असता खेळ थांबवण्याचा अधिकार मला नाही.

“हा नियम खेळाचा आहे, वाघुळदे. कॉलेजचा नाही.”

“मला दुसरा कुठला नियम येत नाही, सर.”

प्राचार्यांनी पत्राची घडी घातली म्हणे. मग म्हणाले, “ठीक. दोघं आहेत तोवर.”

पुढच्या जूनमध्ये सरावाला खरोखरच दोघंच आले. स्पर्धेत नाव द्यायला पाच लागतात, त्यामुळे त्या वर्षी सामना नाही, प्रवास नाही, काही नाही. सरांनी ग्रंथालयाचा कारकून, दोन शिपाई आणि वसतिगृहाचा आचारी यांना हाताशी धरलं, पाचवे स्वतः उभे राहिले, आणि रोज संध्याकाळी पाच विरुद्ध दोन असा खेळ सुरू झाला. आचाऱ्याला टप्पासुद्धा घेता येत नसे. सरांचे गुडघे इतके सुजत, की ग्राउंडाच्या या सात पायऱ्या चढायला त्यांना शिपायाचा खांदा लागे. “का हा त्रास करून घेता?” असं त्यानं विचारलं तर सर म्हणाले, “मलाही कळत नाही बाबा. दमलोय खरा.”

पोरं आधी टिंगल करायला जमली. मग बघायला. जानेवारीत एक जण कारकुनाला बाजूला करून आत उतरला. परीक्षा संपेपर्यंत नऊ जण झाले.

इथे आलेले पाहुणे विचारतात, मग पुढं जिंकले का? उखर्डू नाना खरं ते सांगतात. सर निवृत्त होईपर्यंत संघ एकच सामना जिंकला, आणि तो समोरचा संघ आलाच नाही म्हणून. सरांनी पंचांच्या निकालाच्या कागदावर सही केली, चहा घेतला आणि पोरांना तासभर सराव दिला. खेळून जिंकलेला पहिला सामना सर निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी आला. तो सांगायला लोक त्यांच्या घरी गेले तेव्हा सर अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी विचारलं, “किती फाऊल झाले?” उत्तर ऐकून म्हणाले, “जास्त आहेत,” आणि कूस बदलली.

आजही दरवर्षी सरावाच्या पहिल्या दिवशी नव्या पोरांतली दोघं आत उतरतात आणि समोर जुने पाच उभे राहतात. अडवताना दोघांनी हात मागं बांधायचे. त्यांची एक बास्केट पडेपर्यंत कुणी घरी जात नाही. एका वर्षी दुपारी सुरू झालेला खेळ दिवेलागणीला आला, पोरांना धड उभं राहवेना, तरी कडेला बसलेल्यांतलं कुणी ‘पुरे’ म्हणालं नाही. पाचांतला कुणी दमला तर त्याच्या जागी दुसरा येतो. दोघं बदलत नाहीत.