साखळीतला हात

खाडीकाठच्या एका गावात एक कबड्डीचा संघ होता. गाव आगरी, मिठागरांवर राबणारं. मिठाच्या कामात पायाची कातडी फाटते, पण पाय असे तयार होतात की मातीत रोवले तर उपटता येत नाहीत. त्यामुळे पकडीत हे गाव पंचक्रोशीला भारी होतं.

त्या संघात एके काळी धर्मा आणि हिराजी अशी जोडी होती. कोपऱ्यात धर्मा, त्याच्या शेजारी हिराजी. दोघं हातात हात घालून उभे राहत. कबड्डीत याला साखळी म्हणतात. चढाई करणारा आत आला की साखळीतला एक जण त्याच्या अंगावर झेप घेतो. त्या वेळी दुसऱ्याने विचार करत बसायचं नसतं. झेप बरोबर असो की चूक, त्याने मागोमाग जायचं. कारण हात सुटला, तर झेप घेणारा एकटाच रेषेपर्यंत फरपटत जातो आणि बादही होतो.

धर्मा झेप घ्यायचा आणि हिराजी मागे असायचाच. कितीतरी झेपा चुकल्या, पण हात एकदाही सुटला नाही. गावातल्या बायका म्हणत, या दोघांचं लग्न एकाच मांडवात लावा, नाहीतर एक जण दुसऱ्याला सोडून बोहल्यावर चढायचा नाही.

पुढे दोघांची वयं झाली. हिराजी संघ चालवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष झाला. बोलायला गोड, चार गावांत मान. धर्मा संघाचा कारभारी झाला. कारभारी म्हणजे कुणाला खेळवायचं आणि कुणाला बसवायचं ते ठरवणारा. गावात याहून वाईट काम नाही. संघ जिंकला तर खेळाडू जिंकतात, आणि हरला तर कारभारी हरतो.

त्या गावची एक रीत होती. खेळाडूला संघातून काढताना 'तू नको' असं त्याला तोंडावर कुणी म्हणत नसे. दसऱ्याला देवीपुढे कारभारी आणि अध्यक्ष, दोघांनी मिळून एक नारळ त्याच्या ओंजळीत ठेवायचा. त्याने तो कपाळाला लावून घरी न्यायचा. नारळाला दोघांचे हात लागले की निर्णय एकट्याचा राहत नाही, गावाचा होतो, अशी समजूत होती.

एका वर्षी भात कापणीला आला असताना धर्मा हिराजीला शोधत मिठागराच्या बांधावर आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "औंदा काशीला नारल द्यावा म्हनतो."

हिराजीच्या हातातली विडी तशीच राहिली. काशी त्याचा सख्खा धाकटा भाऊ. संघाची सगळी चढाई काशीच्या पायांवर चालायची. तो मैदानात उतरला की बायका तव्यावरची भाकरी सोडून बघायला येत. अशा माणसाला नारळ द्यायचा म्हणजे चालत्या गाडीचा बैल सोडण्यासारखंच होतं.

धर्माने त्याला नीट समजावून सांगितलं. काशी अजून वर्ष-दोन वर्षं गुण आणेल. पण डावाच्या शेवटी त्याचा दम तुटतो, हे आपल्या दोघांना दिसतं. शिवाय तो आहे तोवर लोक दुसऱ्या कुणाला चढाईला जाऊ देणार नाहीत. मागची पोरं नुसती बाकावर बसून म्हातारी होतील. मग एक दिवस काशी थांबेल आणि गावाकडे कुणीच नसेल. त्यापेक्षा आत्ताच पोरांना उतरवावं. पोरं कच्ची आहेत, यंदा हरतील, पण हरता हरता तयार होतील.

"लय हरू," धर्मा म्हणाला. "लोक माज्यावर थुंकतील. तू हाईस ना?"

धर्माचं म्हणणं हिराजीला पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच त्याला वाईट वाटत होतं. शेवटी त्याने धर्माचा हात धरला. म्हणाला, "तू झेप घे. मी हाय."

दसरा उजाडला. हिराजीची आई सकाळपासून त्याच्याशी बोलली नव्हती. देवळात काशी ओंजळ पसरून उभा राहिला तेव्हा हिराजीचा धीर सुटला. तो धर्माच्या कानाशी लागून म्हणाला, सख्ख्या भावाला नारळ द्यायला माझा हात उठत नाही, तेवढा तू एकटाच दे. धर्माने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने एकट्यानेच तो नारळ काशीच्या ओंजळीत ठेवला. काशीने तो कपाळाला लावला आणि कुणाकडे न बघता तो देवळाच्या पायऱ्या उतरून गेला.

हिराजीने मनाची समजूत घातली की ही एवढीशी गोष्ट आहे. पकड ढिली होते तेव्हा ती अशीच, एवढ्याशाने ढिली होते.

हंगाम सुरू झाला आणि धर्मा म्हणाला होता तसंच झालं. पोरं हरली. शेजारच्या गावात हरली, तालुक्याला हरली, ज्यांना आजवर कुणी विचारत नव्हतं अशा संघांकडूनही हरली. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं चाललं होतं. गावात जो तो शहाणा झाला. ज्यांनी जन्मात कधी लंगोट कसला नाही, ते चहाच्या टपरीवर उभे राहून साखळी कशी धरावी ते सांगू लागले. धर्मा रस्त्याने निघाला की पोरंटोरं मागून हुर्यो करायची. त्याच्या बायकोला विहिरीवर टोमणे ऐकावे लागत.

धर्मा कुणाला उलट बोलला नाही. रोज सकाळी तो मैदानावर पोरांकडून सराव करून घ्यायचा. गुण गेले म्हणून तो पोरांना कधी रागावला नाही. साखळीत कुणाचा हात सुटला तर मात्र सराव थांबवून त्याला रेषेवर उभं करायचा. लोक म्हणत, सामने हरल्याचं याला काही नाही, हात सुटल्याचं दुःख आहे, याचं डोकं फिरलंय.

मग देवीची जत्रा आली. जत्रेचे सामने गावच्याच मैदानावर होते. खाडीपलीकडच्या गावाने काशीला आपल्या संघात घेतलं होतं. आपल्याच मातीत, आपल्याच देवीसमोर काशीने आपल्याच पोरांना एकामागून एक बाद केलं. गाव टाळ्या वाजवत होतं ते काशीसाठी, आणि ओरडत होतं ते पोरांवर. सामना संपला तेव्हा काशीने हात वर केला नाही, तो खाली मान घालून बाहेर गेला. लोकांच्या ते नजरेत आलं नाही. लोकांच्या डोळ्यांत एकच माणूस सलत होता.

घरी आल्यावर आई हिराजीला म्हणाली, "तुज्या दोस्तानं माजा पोर परक्या गावाला विकला."

विक्रीचा तिथे संबंध नव्हता. धर्मा मला विचारून वागला, मी त्याला हात दिला होता, हे एक वाक्य हिराजीला तेव्हा बोलता आलं असतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि भाकरीच्या घासाबरोबर परत पोटात गेलं.

शिमगा झाला आणि देवळात सभा भरली. सगळं गाव लोटलं होतं. गावातला सुदाम ठेकेदार मोठ्या आवाजात विचारत होता की चालता संघ कुणाच्या अकलेने मोडला. बाकीचे त्याची री ओढत होते. घर फिरलं की वासेही फिरतात. ज्या पोरांना धर्माने खेळवलं, त्यांच्या बापांनीही मान खाली घातली, कारण पोरं हरली होती आणि त्याची लाज घराला होती.

धर्मा खांबाला टेकून बसला होता. तो फक्त हिराजीकडे बघत होता. त्या बघण्यात मागणं नव्हतं. कोपऱ्यातून झेप घेताना तो असाच शेजारी बघायचा, हिराजी आहे की नाही याची खात्री करायला नव्हे, तर आता निघालो एवढं सांगायला.

एका म्हाताऱ्याने शेवटी हिराजीलाच विचारलं, "अध्यक्ष, तुमाला ठावं व्हतं का?"

हिराजीला आई आठवली. आपला मान आठवला. पुढच्या वर्षी मंडळाची निवडणूक होती, तीही आठवली. त्याला मिठागराचा बांधसुद्धा आठवला, पण सगळ्यात शेवटी.

"निवड कारभाऱ्याची असते," तो म्हणाला. "त्यात मी काय बोलनार?"

त्या बोलण्यात खोटं असं एक अक्षर नव्हतं. निवड कारभाऱ्याचीच असते. धर्माने नजर काढून घेतली आणि तो देवीकडे बघत बसला.

नारळ आणला गेला. कारभाऱ्याला काढायचं तर नारळ अध्यक्षाने द्यायचा. या वेळी हिराजीचा हात उठला. धर्माने नारळ कपाळाला लावला, कमरेची मैदानाच्या खोलीची किल्ली काढून देवीच्या पायाशी ठेवली आणि सभेला एवढंच म्हणाला, "पोरांना हलवू नका." मग तो एकटाच घरी गेला.

पुढच्या वर्षी सुदाम ठेकेदार कारभारी झाला. त्याला जुने खेळाडू परत आणायचे होते. पण काशीने पलीकडच्या गावाला दोन हंगामांचा शब्द दिला होता, आणि दुसरं कुणी खेळण्याजोगं उरलं नव्हतं. नाइलाजाने सुदामने तीच पोरं उतरवली. आणि पोरं जिंकू लागली. आदल्या वर्षी ज्यांनी हरवलं होतं, त्यांना शोधून शोधून हरवल्यासारखी जिंकली. पलीकडच्या संघाशी गाठ पडली तेव्हा डावाच्या शेवटी काशीचा दम तुटला. पोरांच्या साखळीने त्याला मधल्या रेषेच्या अलीकडेच धरून ठेवलं, आणि एकाचाही हात सुटला नाही. त्या वर्षी जिल्ह्याची ढाल गावात आली.

गावाने सुदामला खांद्यावर घेतलं. सुदाम सरळ माणूस होता. तो सांगत होता की अरे, मी काही केलं नाही, दुसरं कुणी नव्हतं म्हणून हीच पोरं खेळवली. लोकांना ते ऐकून अधिकच भरून आलं. म्हणाले, बघा, एवढं करूनही किती साधा आहे.

हिराजीच्या गळ्यातही हार पडला. त्या हाराची फुलं त्याला टोचत होती. गर्दीत त्याने धर्माला शोधलं. धर्मा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराजी ढाल काखेत मारून धर्माच्या घरी गेला. वर्षभरात तो त्या वाटेला गेला नव्हता. जायचं खूपदा मनात आलं होतं, पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वाटेवर गवत वाढलं होतं. धर्मा ओटीवर बसून फाटलेलं जाळं सांधत होता. आतल्या देव्हाऱ्यात तो नारळ तसाच होता, न फोडलेला, वर्षभरात सुकलेला.

धर्माने मान वर करून पाहिलं आणि तो उठून उभा राहिला.

"या अध्यक्ष. बसा."

हिराजीला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लंगोट बांधायच्या वयापासून हा माणूस त्याला 'हिऱ्या' म्हणत आला होता. अख्ख्या गावाने अहोजाहो केलं तेव्हाही या एका तोंडात तो हिऱ्याच राहिला होता. आता ते तोंडही गेलं.

धर्माने घोंगडी अंथरली, आत चहा सांगितला. पोरांची एकेकाची नावं घेऊन विचारपूस केली. कुणाचा खांदा दुखावला होता तो बरा आहे का, असंही विचारलं. ढाल हातात घेतली, फडक्याने पुसली आणि परत दिली. हिराजीने काशीचा विषय काढला, तर धर्मा म्हणाला, काशी येतो अधूनमधून. मागच्या वर्षी, जत्रेच्या दुसऱ्या दिवशीच येऊन ओटीवर बसला होता. तुम्ही बरोबर केलंत की चूक ते मला कळत नाही, पण माझा राग गेला, असं सांगून गेला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे पोरं हरत होती तेव्हा. हिराजीने चहाचा कप खाली ठेवला.

"मी चुकलो," तो म्हणाला. "तुजा निर्नय खरा ठरला."

धर्मा जाळ्याची गाठ मारत होता. गाठ पुरी करून त्याने विचारलं, "आनि पोरं याही वर्षी हरली असती तर? तवा तुमी आले असते का?"

हिराजीने उत्तर शोधलं. खरं उत्तर एकच होतं आणि ते त्याच्याच्याने बोलवलं नाही. त्याचे डोळे भरून आले. तो उठला आणि पूर्वी मैदानात उतरताना करायचा तसा त्याने आपला हात धर्मापुढे केला.

धर्माही उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखच होतं. त्याने पाहुण्याला निरोप देतात तसे दोन्ही हात जोडले. जोडलेल्या हातांत तिसऱ्या हाताला जागा नसते. हिराजीचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला, मग त्याने तो खाली घेतला आणि ढाल काखेत मारून तो गवतातल्या वाटेने परत निघाला.

तात्पर्य: ज्या निर्णयाला आपण हात दिला, त्याचा न्याय हारजितीवर करू नये; हरत्या हंगामात सोडलेला हात जिंकल्यावर पुन्हा धरायला मिळत नाही.